गाडी खाली करून

नांदगाव, ता. मुरुड
१७ नोव्हेंबर २०२४

ती. चांगदेवमामा,

नमस्कार. हे पत्र कृपा करून मनात वाचा. ऐकू येत नाही म्हणून तुम्ही सगळं मोठ्याने वाचता आणि अर्धी आळी ऐकते, असं सोनलताईने सांगितलं. मी तिच्या फोनवरच लिहिणार होतो, पण ती म्हणाली, "बाबांना फोनवरची अक्षरं पळताना दिसतात. कागदावर लिही, म्हणजे उत्तर तरी देतील." म्हणून हे पत्र.

विषय गाडीचा आहे. तुम्ही बाबांना शोधून दिलेली पांढरी गाडी पुढून टक-टक वाजते. आधी फक्त खड्ड्यात वाजायची. आता ब्रेक मारला तरी वाजते, आणि स्टिअरिंग सोडलं तर गाडी डावीकडे जाते. मुरुडच्या कमलेशने (तो माझ्याबरोबर शाळेत होता, आता त्याचं गॅरेज आहे) खालून पहार घालून बघितली. चाकाला धरून ठेवणारा जो लोअर आर्म असतो, त्याच्या सांध्यांतलं रबर फाटलं आहे. लोखंड लोखंडावर आपटतं. "बुश गेले," कमलेश म्हणाला, "दोन्ही बाजूंचे. गाडी ठेवून जा, बघतो." पण त्याच्याकडे गणपतीपासून ठेवून गेलेल्या गाड्या अजून उभ्या आहेत. मला गाडी ठेवता येत नाही. सोमवारी आणि गुरुवारी आईला डायलिसिसला अलिबागला न्यावं लागतं, हे तुम्हाला माहीत आहे.

आता खरं लिहितो. आई म्हणते, "मी न्हाय येत. ती टक-टक माझ्या पाठीत शिरते." मागच्या गुरुवारी ती अंगणात खुर्चीवर बसून राहिली. मी गाडी चालू केली, बंद केली, पुन्हा चालू केली, तेव्हा उठली. एसटीने नेता येत नाही, परत येताना तिला उभं राहवत नाही. भाड्याच्या गाडीत ती बसत नाही, कारण येताना उलटी होते आणि तिला लाज वाटते. बाबा मालाच्या ट्रेलरवर ड्रायव्हर आहेत, पंधरा दिवसांनी घरी येतात. डॉक्टरांनी सांगितलं आहे की एकही फेरी चुकवायची नाही.

टक-टक थांबली तर ती येत राहील, असं मला वाटतं. म्हणून बुश मी स्वतः घालणार आहे, सोमवार आणि गुरुवारच्या मधल्या दिवसांत. तुम्ही सांगाल तसंच करीन.

एक शंका. ‘बुश’ की ‘बूश’? कमलेशच्या बोर्डावर दीर्घ आहे.

तुमचा,
निकेत

*

तळा
२४ नोव्हेंबर

चि. निकेत,

पत्र मनात वाचलं. सोनल दोनदा दारात येऊन बघून गेली, बाबांना काय झालं म्हणून.

ऱ्हस्व लिही, दीर्घ लिही. रबराला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही.

वाजतं म्हणजे कसं वाजतं? एकदा वाजून थांबतं की दोनदा? चाक डांबरावरून खाली उतरताना की वर चढताना? कमलेशने पहार कुठे घातली ते चित्र काढून पाठव. टायर आतल्या कडेला झिजलाय का ते हात फिरवून बघ, डोळ्याने कळत नाही. डावीकडचा बुश जास्त गेलेला असणार. समोरून डंपर आला की तू डावं चाक रस्त्याखाली घालत असशील. सगळेच घालतात.

काम अवघड नाही. चिवट आहे. समुद्राच्या वाऱ्याने बोल्ट धरलेले असतील. कमलेश पोरगा बरा आहे, पण त्याच्या नादाने रबराला ग्रीस लावू नको.

मी येऊन अर्ध्या दिवसात उरकलं असतं. पण गुडघा. जिना उतरतानासुद्धा सोनलचा खांदा लागतो.

तुझ्या आईला, नीरीला सांग, नाहीतर राहू दे, काही सांगू नको.

मामा

*

नांदगाव
३ डिसेंबर

ती. मामा,

चित्र मागच्या पानावर आहे. पहार जिथे घातली तिथे बाण काढला आहे. उतरताना एकदा वाजतं, चढताना दोनदा. टायरवर हात फिरवला, आतली कडा गुळगुळीत आहे. डावीकडचा बुश जास्त गेला आहे हे तुम्ही गाडी न बघता कसं ओळखलं? कमलेशला सांगितलं तर तो म्हणाला, "मामा तुझ्या गाडीखाली जाऊन आले काय?"

आईला तुमच्या गुडघ्याचं सांगितलं. ती म्हणाली, "गुडघा जुना हाय त्याचा. निमित्त नवं." मी हे लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला. तुम्हाला राग आला तर क्षमा करा.

काल सोमवार होता, आम्ही जाऊन आलो. खड्डा दिसला की ती आधीच दरवाज्याची कडी धरते. मग खड्डा नसला तरी धरून ठेवते. साळावच्या पुलावर सांधे असल्यामुळे ओळीने दणके बसतात. तिथे ती डोळे मिटते. मी वीसने चालवली तरी वाजायचं ते वाजतंच. मागच्या गाड्या हॉर्न देतात. रेवदंड्यात एक जण ओरडून गेला, "वरात हाय काय?" आई हसली. मला हसू आलं नाही.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. आईने नेहमीप्रमाणे आधी तेच विचारलं, "गाडी भरलेली हाय का खाली?" खाली असली तर बाबा थांबून बोलतात, भरलेली असली तर लगेच ठेवतात. काल भरलेली होती.

मी मासळीच्या टेम्पोवर होतो तेव्हा टायर बदलणं, स्प्रिंगचा पाटा कसणं एवढंच केलं आहे. बुश कधी घातले नाहीत. म्हणून कृपा करून सगळं क्रमाने लिहा. मधलं काही सोडू नका. तुम्हाला सोपं वाटेल तेही लिहा.

निकेत

*

तळा
९ डिसेंबर

चि. निकेत,

बुश माणगावहून मागवले. मुरुडच्या एसटीत ड्रायव्हरकडे देतोय, डब्यावर तुझं नाव आहे. उतरवून घे.

क्रम मागितलास तो घे. आदल्या दिवशी सगळ्या बोल्टांवर तेल सोड आणि विसरून जा. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोड. गाडी जॅकवर उचललीस की लाकडी ओंडके लाव, नुसत्या जॅकवर डोकं आत घालायचं नाही. गाडीखाली गेलेले दोन जण मला माहीत आहेत आणि दोघंही हुशार होते. चाक काढ, आर्म सोडव. जुना बुश काढायच्या आधी त्याची खाच कुठल्या बाजूला आहे ती खूण खडूने आर्मवर मार, नवा तसाच बसला पाहिजे. ठोकून बसवू नको. आर्म कमलेशकडे ने आणि व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, दाबून बसव. बुशला साबणाचं पाणी लाव. तो ग्रीस म्हणेल. तेलाने रबर फुगतं आणि मरतं, त्याला सांग मी सांगितलंय.

आर्म परत लावताना नट हाताने बसतील एवढेच लाव, पक्के नाही. गाडी खाली करून मगच आवळायचे. ही गोष्ट सगळ्यात मोठी. इथे चुकलं तर नवं रबर महिन्यात फाटतं आणि माणूस दुकानदाराला शिव्या देतो.

मी जास्त लिहीत नाही. बोट दुखतं.

नीरीने निमित्त म्हटलं, म्हणू दे. लहानपणापासून तिचंच तोंड चालतं.

मामा

*

नांदगाव
२१ डिसेंबर

ती. मामा,

बुश बसले!

सोमवारी अलिबागहून आल्यावर तेल सोडलं, मंगळवारी पहाटे पुन्हा सोडलं. उजवीकडचा बोल्ट सुटला. डावीकडचा सुटेना. तीन वेळा पाना घसरून हात सोलला. शेवटी पान्यावर पाइप चढवून त्यावर लोंबकळलो, तेव्हा किंचाळत सुटला. आई आतून ओरडली, "कोण मेला?"

दोन्ही आर्म गोणपाटात बांधून एसटीने मुरुडला नेले. कंडक्टरने गोणपाट उचलून बघितलं. "हे काय?" मी म्हटलं, "गाडीचे हात." तो म्हणाला, "मग गाडी मागून येतेय काय चालत?" आख्खी बस हसली. पण त्याने तिकीट माझं एकट्याचंच फाडलं.

कमलेशने ग्रीसचा डबा पुढे केलाच. मी साबणाची वडी घरून नेली होती. तो म्हणाला, "आंघोळ घालतोस काय बुशला?" पण दाबल्यावर बुश सरळ आत गेले, तेव्हा त्याने डबा बंद करून ठेवला. खाचा खडूच्या खुणेवर बरोबर आल्या. मी तीन वेळा तपासल्या.

बुधवारी आर्म लावले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे नट आधी हातानेच लावले आणि गाडी खाली करून मगच आवळले. गाडी खाली करायलाच दुपार गेली, पण ही गोष्ट सगळ्यात मोठी आहे असं तुम्ही लिहिलं होतं, म्हणून घाई केली नाही.

परवा गुरुवारी अलिबागला गेलो. वाजलं नाही. पुलावरसुद्धा नाही. आईने कडी धरली होती ती काशीदनंतर सोडली. बोर्लीजवळ म्हणाली, "आज गाडी गप हाय." मग झोपली. जाताना ती कधी झोपत नाही.

मामा, तुमचे उपकार आहेत. मला काल रात्री किती दिवसांनी सलग झोप लागली.

निकेत

*

तळा
२७ डिसेंबर

चि. निकेत,

आनंद झाला. गाडी खाली करायला दुपार? तुझा जॅक आहे की काय आहे? त्यात तेल घाल.

कंडक्टरची गंमत मी मोठ्याने वाचली. ती आळीने ऐकली तरी चालेल.

मामा

*

नांदगाव
१२ जानेवारी २०२५

ती. मामा,

हेही मनात वाचा.

आधी कुरकुर सुरू झाली. जुन्या पलंगावर कुशी बदलल्यासारखी. वळणावर यायची, मग सरळ रस्त्यावरही यायला लागली. मला वाटलं साबण सुकला असेल. पाणी मारलं. ६ तारखेला सोमवारी परत येताना नागावजवळ डावीकडे टक झालं. मी आईकडे बघितलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं ते मला कळलं. घरी येईपर्यंत ती कडी धरून होती.

गुरुवारी, ९ तारखेला, ती आली नाही. मी गाडी दारात आणून उभी केली. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. म्हणाली, "सोमवार जाईन. गुरुवार बंद. एकदा पुरे हाय." मी म्हटलं, "डॉक्टर काय म्हणाले?" ती म्हणाली, "डाक्टरला सांग या गाडीत बसायला." मी तिथे उभा राहिलो आणि मग काय करावं कळेना म्हणून गाडी धुतली. शनिवारपर्यंत तिच्या सुजलेल्या पायांवर बोट दाबलं की खळगा राहायला लागला.

बाबा घरी आले आहेत. ते ओरडले. त्यांना ती म्हणाली, "तुमी निघून जाल भरलेली गाडी घेऊन. बसायचं मला हाय." उद्या सोमवारी तिघे मिळून जाणार आहोत. गुरुवारचं ती ऐकत नाही.

मी गाडीखाली जाऊन बॅटरीने बघितलं. डावीकडच्या नव्या बुशला चीर गेली आहे. पिळलेल्या फडक्यासारखं रबर एका बाजूला ओढलेलं दिसतं. उजवीकडचं अजून फाटलेलं नाही, पण तेही तसंच ओढलेलं आहे. मी काय चुकलो ते मला सापडत नाही. तुम्ही लिहिलेला क्रम समोर ठेवून प्रत्येक गोष्ट पुन्हा आठवली. खाचा बरोबर होत्या. ग्रीस लावलं नाही. नट आवळण्याआधी गाडी पूर्ण खाली केली होती. स्टेपनी काढली, डिकीतले पाण्याचे कॅन काढले, आईची उशी, चादर, उलटीची बादली, सीटखालची हत्यारं, बाबांचा जुना ताडपत्रीचा तुकडा, सगळं पडवीत नेऊन ठेवलं. पेट्रोलही कमीच होतं. मागची सीट काढायची की नाही हे कळलं नाही, म्हणून तीही काढली. त्यातच दुपार गेली. मग ओंडक्यांवर गाडी जशी होती तशीच ठेवून चारही नट जोर लावून आवळले. चाकं नंतर चढवली आणि जॅक काढला.

यात काय राहिलं?

कृपा करून लवकर लिहा. ती गुरुवारी येत नाही यात माझ्या हाताची चूक असेल, तर मला कळली पाहिजे.

निकेत

*

तळा
१६ जानेवारी

निकेत,

तुझं पत्र वाचून मी एवढ्या मोठ्याने हसलो की सोनल धावत आली. मग पुढे वाचलं आणि हसायचं थांबलं.

अरे, खाली म्हणजे खाली! जॅकवरून खाली! जमिनीवर! मी गॅरेजवाला माणूस. आमच्यात ‘गाडी खाली कर’ म्हणजे जॅक सोड, चाकं टेकव. तुम्ही बापलेक ट्रेलर आणि टेम्पोवाले. तुमच्यात खाली म्हणजे माल उतरवून रिकामी. मला हे सुचायला हवं होतं. तू गेल्या महिन्यात बापाच्या फोनचं लिहिलं होतंस, ‘भरलेली की खाली’, आणि तरी मी तेच दोन शब्द लिहून बसलो. तुझ्या पत्रात एक वेलांटी चुकत नाही पोरा, आणि माझा शब्द तुला कळला नाही. सीटसुद्धा काढलीस. धन्य आहे.

आता नीट समजून घे. गाडी वर उचलली की चाक लोंबतं, आर्म खाली झुकतो. तशात नट आवळलास तर रबर त्या लोंबत्या जागी धरलं जातं. मग गाडी टेकली की आर्म वर येतो आणि रबर पिळतं. गाडी उभी असली तरी पिळलेलं, चालली तरी पिळलेलं. त्याला सुट्टी नाही. किती दिवस टिकणार? गाडी रोज जशी उभी राहते, ज्या वजनाने उभी राहते, त्या जागी रबर मोकळं असलं पाहिजे. म्हणून वजन अंगावर घेऊन मग आवळायचं. हे मी त्या वेळी लिहिलं असतं तर? बोट दुखत होतं.

तुझ्या हाताची चूक नाही.

आणखी एक. गुडघा निमित्त आहे. नीरीने बरोबर ओळखलं. दिवाळीत मी आलो होतो तेव्हा तिच्या हातावरची ती डायलिसिसच्या सुयांची जागा बघितली. शीर दोरीसारखी वर आलेली. ती म्हणाली, "हात लावून बघ, आत मशीन चालल्यागत घरघर लागते." मी लावला. लागली. माझे कान गेल्यापासून मी सगळं हातानेच ऐकतो, तुला माहीत आहे. ते ऐकल्यावर मला पुन्हा यायचा धीर होत नाही. हे तिला सांगायचं नाही. सांगितलंस तरी ती म्हणेल, मला माहीत होतं.

आता काम. डाव्या बुशचा नवा नग उद्याच्या एसटीने येईल. मंगळवारी-बुधवारी बसवून घे. चारही नट फक्त हाताने. उजवीकडचेही सोडव, ते रबर अजून वाचेल. मग चारही चाकांखाली एकेक जांभ्याचा चिरा आडवा घाल आणि गाडी त्यावर टेकव. तू काटकुळा आहेस, खाली मावशील. चाकांना पुढून-मागून अडण लाव. गाडी दाबून दाबून हलव, म्हणजे ती आपल्या जागी बसेल.

आवळायचं गुरुवारी, २३ तारखेला, सकाळी. बुधवारी नाही, शुक्रवारी नाही. स्टेपनी, कॅन, उशी, बादली, सगळं रोजच्या जागी हवं. आणि डाव्या सीटवर नीरीला बसव. ती नाही म्हणेल. तिला सांग, तुझ्या वजनाशिवाय नट आवळता येत नाही. तू विचारशील, मामा, तांदळाची गोणी ठेवू का? ठेवायची नाही.

मामा

*

नांदगाव
३१ जानेवारी

ती. मामा,

उशीर झाला. आधी काम कसं झालं ते लिहितो.

डावा बुश बुधवारी बसला. चिरे शेजारच्या धोंडूबाईच्या कुंपणातून आणले. तिने विचारलं, "गाडीला घर बांधतोस का रे?" मी हो म्हटलं. गाडी टेकवली आणि दाबून हलवली, तेव्हा कुरकुर झाली नाही. त्या रात्री सगळं सामान पुन्हा रोजच्या जागी ठेवलं. बादलीसुद्धा.

गुरुवारी सकाळी आईला म्हटलं, "जरा गाडीत येऊन बस."

"मी गुरुवार बंद केलाय."

"जायचं नाही. नुसतं बसायचं. तुझ्या वजनाशिवाय नट आवळता येत नाही."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता संपलं. "माझं वजन?" म्हणाली, "किती उरलंय त्यात?" मी म्हटलं, "जेवढं आहे तेवढंच पाहिजे. गाडी तेवढंच रोज उचलते." तिने हात पुसले. चिऱ्यांमुळे गाडी उंच झाली होती म्हणून पाट ठेवला. घरातल्या साडीतच चढून बसली.

मी खाली गेलो. खालून मला फक्त पत्रा दिसत होता.

"किती येळ बसू?"

"हलू नको."

"हलत न्हाय. श्वास घेऊ का?"

मी उजवीकडचा पहिला नट आवळला. ती वरून म्हणाली, "हे चांगदेवचं डोस्कं ना?" मी म्हटलं, "व्हय." ती म्हणाली, "बहिरा झाला तरी घर चालवायचं सोडत न्हाय." मग थोड्या वेळाने विचारलं, "येत का न्हाय तो?" मी म्हटलं, "गुडघा." ती म्हणाली, "मला माहीत हाय." तुम्ही सांगितलं होतं तसं मी काही बोललो नाही, पण तिने जे म्हटलं ते तुम्ही लिहिलं होतं तेच होतं.

डावीकडे सरकलो. आता मी बरोबर तिच्या पायाखाली होतो.

"निक्या."

"हं."

"टक-टक गेली तरी मी दमलेलीच असते रे."

माझा पाना नटावर बसलेला होता. मी तो काढला आणि बसत नसल्यासारखं उगाच खडखड केलं. मामा, इतके महिने मी असं धरून चाललो होतो की वाजायचं थांबलं की ती येईल. माझ्याकडे दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मला हे तोंडावर कोणी सांगितलं असतं तर मी काही तरी समजावलं असतं. खाली उताणा पडून मी नुसता पाना चाळवत राहिलो.

ती म्हणाली, "तू पन दमलायस. रातचा झोपेत पाय हलवतोस, ब्रेक मारल्यासारखा. मी बघते."

मला हे माहीत नव्हतं. मी म्हटलं, "व्हय. दमलोय." 

अंगणात कोंबड्या गाडीखाली येऊन माझ्याकडे बघून गेल्या. मी शेवटचे दोन नट आवळले, अंगातलं सगळं वजन घालून. वरून तिने विचारलं, "झालं?"

"झालं."

"मग चल."

"कुठे?"

"अलिबागला. आता बसलेच हाय तर. पुना उतरा, पुना चढा, कोन करील? फाईल आन आतनं. आनि शाल. हात धू आधी, स्टेरिंग काळं करशील."

चिऱ्यांवरून गाडी उतरवताना ती आतच बसून राहिली, उतर म्हटलं तरी उतरली नाही. आम्ही पोचलो तेव्हा उशीर झाला होता. सिस्टरने घरातल्या साडीकडे बघितलं आणि खाट दिली. जाताना किंवा येताना काही वाजलं नाही. आईने कडी धरली होती. पुलावर तिने डोळे मिटले, नेहमीसारखे. येताना उलटीही झाली. घरी पोचल्यावर म्हणाली, "पुढच्या गुरुवारचं पुढच्या गुरुवारी बघू."

मामा, तुम्हाला एक विचारायचं आहे. रबराला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही असं तुम्ही लिहिलं होतं. मग वार कसा कळतो? बुधवारी का नाही, शुक्रवारी का नाही? मी कमलेशला विचारलं. तो म्हणाला, "नट कधीही आवळ रे, त्याला काय पंचांग लागतं?" मी त्याला पुढे काही सांगितलं नाही. पण तुम्ही उत्तरात हे लिहिलं नाहीत तरी चालेल.

आता कालचं लिहितो. काल पुन्हा गुरुवार होता. सकाळी मी तिला काही म्हटलं नाही. गाडी दारात लावली, बॉनेट उघडलं, पाणी बघितलं. पाणी बरोबर होतं, तरी बघत राहिलो. मागे दरवाजा वाजला. वळून बघितलं तर ती डाव्या सीटवर जाऊन बसलेली. बाहेरची साडी, मांडीवर फाईल, शाल खांद्यावर. डोळे आधीच मिटलेले.

मी तिच्या बाजूला गेलो. डोळे न उघडता ती म्हणाली, "खालनं काय आवळायचं असंल तर आवळून घे. मी बसलेय."

मी खाली वाकलो, चाकामागे हात घालून बघितल्यासारखं केलं, आणि मग जाऊन गाडी चालू केली.

तुमचा,
निकेत